साडेनऊचं कॉम्प्रेशन

साकीनाका, मुंबई
५ जानेवारी १९८६

चि. सुलक्षणा हीस काशीराममामाचे अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या थंडीत खोकला वाढला असेल तर आल्याचा रस घे. तुझी आई कांदिवलीहून आली होती. पोरगी इंजिनाच्या प्रयोगशाळेत लागली हे तिनं आमच्या गाळ्यात शेजारच्या वेल्डरलासुद्धा सांगितलं.

पत्रास कारण असं, की माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे जुनी फियाट आहे. दारूखाना बंदरावर जहाजं मोडतात, तिथल्या भंगारात त्याला बोटीवरच्या जपानी जनरेटरचा टर्बो मिळाला. हा एवढासा, नारळाएवढा. तो त्यानं फियाटला बसवला तर इंजिनाचं कॉम्प्रेशन किती ठेवावं? मित्राचं म्हणणं, टर्बोनं ताकद वाढते आणि कॉम्प्रेशननंही वाढते, तर मग दोन्ही वाढवली की इंजिन झकासच होणार. मी त्याला म्हटलं, भाचीला विचारतो.

मामीनं तुला कोकमं पाठवली आहेत.

तुझा मामा
काशीराम

---

पुणे
११ जानेवारी १९८६

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. तुला एकूण तीन मित्र. एक टेलर, एक देवळात पेटी वाजवतो आणि तिसरा म्हणजे जयवंतकाका पेडणेकर, ज्यांच्याशी तू गेल्या गणपतीपासून बोलत नाहीस. तर यातला फियाटवाला मित्र कोण ते कळव.

आता त्या 'मित्राला' समजावून सांग. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं ना? हवा दाबली की तापते. पिस्टन वर जातो तेव्हा तो हेच करतो. साडेसात वाट्या हवा एका वाटीत कोंबली तर साडेसातचं कॉम्प्रेशन, साडेनऊ कोंबल्या तर साडेनऊचं. कोंबावं तेवढी ताकद जास्त, इथपर्यंत मित्राचं बरोबर.

पण टर्बो आधीच हवा दाबून, तापवून आत ढकलतो. तीच हवा पिस्टननं पुन्हा साडेनऊ पट दाबली, तर प्लगची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं पेट्रोल आपलं आपण भडकतं. मग पिस्टनवर हातोडे बसतात. डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज येतो, आणि थोड्या वेळानं तोही यायचा बंद होतो, कारण पिस्टनला भोक पडलेलं असतं. परदेशात दोन्ही साधतात, पण त्यांच्याकडे ती हवा मध्येच गार करायला वेगळा रेडिएटर असतो आणि पेट्रोलही उंची असतं.

म्हणून टर्बो लावायचा तर कॉम्प्रेशन साडेसातच्या वर नको. ठिणगी थोडी उशिरा पाडायची आणि आपल्याकडचं त्यातल्या त्यात चांगलं, त्र्याण्णव ऑक्टेनचंच पेट्रोल घालायचं. हेड, म्हणजे इंजिनावरचं झाकण, घासून वाटी लहान करायला जाऊ नकोस. म्हणजे मित्राला सांग, जाऊ नकोस.

मला इथे अजून इंजिनाला हात लावू देत नाहीत. दुसऱ्यांनी घेतलेल्या चाचण्यांचे आलेख काढते. सुंदर काढते म्हणतात.

तुझी
सुलू

---

साकीनाका
२० जानेवारी १९८६

चि. सुलूस आशीर्वाद.

अगो, मित्र मीच. तुझ्यापुढे काय झाकायचं.

गोष्ट अशी. गिरणीच्या वर्कशॉपात मी आणि जयवंत एकाच बाकावर फिटर होतो. संपानंतर दोघांनीही साकीनाक्यालाच गॅरेज काढलं, तो रस्त्याच्या त्या बाजूला, मी या बाजूला. गणपतीत त्यानं पाटीवर 'ट्यूनिंग स्पेशालिस्ट' लिहून घेतलं. मी लिहून दोन वर्षं झाली होती! मी म्हटलं, एका गल्लीत दोन स्पेशालिस्ट कसे? तो म्हणाला, मग ठरव की कोण ते. तर ठरलंय. कल्याणपलीकडे लढाईच्या वेळची जुनी धावपट्टी आहे, तिथे एक मोटर क्लब ९ मार्चला पाव मैलाच्या शर्यती घेतोय. तो त्याची फियाट आणणार, मी माझी. जो हरेल त्यानं पाटीवरचे ते दोन शब्द पुसायचे. गिऱ्हाईक पाटी बघूनच वळतं, तेव्हा ही थट्टा नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक. तुझं पाकीट माझ्या हातात आलं ते उघडून परत चिकटवलेलं. डिंकानं नाही, भाताच्या शितांनी. शितंसुद्धा उकड्या तांदळाची. माझं शटर खाली असलं की पोस्टमन माझी पत्रं जयवंताकडे टाकतो, आणि जयवंताकडे उकडा भात असतो हे मला पक्कं माहीत आहे. काल समोरून येऊन हसत विचारतो, "काय रे, भाची काय म्हणते?" आता बोल!

तुझा मामा

---

पुणे
२७ जानेवारी १९८६

आदरणीय श्री. काशीराममामा यांस,

कृ. सा. न. वि. वि. आपले पत्र पावले. आपण विचारलेल्या तांत्रिक बाबीवर मी येथील मोठ्या साहेबांशी सविस्तर चर्चा केली. त्यांचे मत असे पडले, की माझे पूर्वीचे म्हणणे जुनाट आहे. ज्यास शर्यत जिंकावयाची आहे त्याने हेड चांगले घासून कॉम्प्रेशन साडेनऊवर न्यावे, ठिणगी लवकर पाडावी आणि पेट्रोल साधेच घालावे. हे गुपित आपण कोणासही सांगू नये.

लहानपणी आपण मला सांगितले होते, की फणसाची आठळी गिळली तर कानातून झाड उगवते. ते जितके खरे, तितकेच हे खरे आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपली आज्ञाधारक,
कु. सुलक्षणा

---

साकीनाका
८ फेब्रुवारी १९८६

चि. सुलूस अनेकोत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. नोकरीला लागल्यावर पोरीला काय वळण लागलं! 'आदरणीय' काय, 'आज्ञाधारक' काय. आणि आठळीची गोष्ट अजून लक्षात ठेवलीस. मी मामीला दोनदा वाचून दाखवलं.

तुझ्या साहेबांच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. मरोळला एका ओळखीच्या कारखान्यात हेड घासून आणलं. एका दिवसात साडेनऊ! ठिणगीही लवकर पडेल अशी केली. गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं, की पुण्याच्या प्रयोगशाळेचा आकडा आहे. (गुपित ठेव म्हणाली होतीस, पण आकडा सांगितला, कारण नाही सांगितलं.) पहिल्यांदा काय पळाली म्हणतेस! पवई तलावापर्यंत जाऊन आलो. फक्त टर्बो शिट्टी मारायला लागला की इंजिनातून खडखड येते. खडे असल्यासारखी. मला वाटतं जपानी टर्बोचा तो स्वभाव असावा.

एक प्लग काढून पार्सलनं पाठवतोय. तुझ्या साहेबांना दाखव, खूश होतील.

मामा

---

तार
पुणे, १२ फेब्रुवारी १९८६

काशीराम तोरसकर साकीनाका मुंबई
गाडी चालवू नको पत्र खोटे आठळी
सुलक्षणा

---

साकीनाका
१४ फेब्रुवारी १९८६

चि. सुलूस मालनमामीचे आशीर्वाद.

तार आली तेव्हा हे गॅरेजात होते. तार म्हटल्यावर शेजारची द्रौपदी रडायलाच लागली. मी उघडली तर आठळी. तिला म्हटलं, कोण गेलं नाही गो, फणसाचा काहीतरी आहे.

आता नीट बस आणि वाच. तुझं पाकीट जयवंतभावोजींनी उघडलं नव्हतं. त्या दिवशी ते घरी आलं, मी उघडलं आणि चिकटवून गॅरेजच्या शटरखालून आत सरकवलं. उकडा भात आमच्याकडेही होतो, पण हे ह्यांच्या डोक्यात आलं नाही. मी मरोळच्या कारखान्यात अकरा वर्षं गॅस्केटी कापते. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामध्ये बसतात एवढं माहीत, पण त्यांच्या वर काय चालतं नि खाली काय, हे मला कधी कोणी सांगितलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "तुका काय करूचा हा?" तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं बघावं. वाट्यांचं वाचलं आणि एकदम उजेड पडला. मग ते तीनदा वाचलं.

म्हणून तुझं दुसरं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं तेव्हाच मी म्हटलं, पोर असं उलटं कसं लिहील? हे म्हणाले, साहेबांनी सांगितलंय. साहेब म्हटलं की ह्यांचं पुढचं चालत नाही.

तार मी ह्यांना दाखवलेली नाही. गल्लीभर तुझं नाव घेऊन फिरले आहेत. भाचीनंच फसवलं असं कळलं तर जेवायचे नाहीत, आणि जयवंतभावोजींना कळलं तर ते जेवण सोडून हसतील. गाडी मात्र थांबवली आहे. चावी माझ्याकडे आहे. सापडत नाही असं सांगितलंय. हे शोधतायत.

घासलेलं हेड परत वाढत नाही एवढं मला कळतं. पण मधली जागा वाढवता येते ना? जाड गॅस्केट घातली की वाटी मोठी झाली. बरोबर का? बरोबर असेल तर फक्त जाडी किती ते सांग. कापायचं माझ्यावर सोड. पत्र कारखान्याच्या पत्त्यावर घाल.

मामी

---

पुणे
१८ फेब्रुवारी १९८६

प्रिय मामी,

बरोबर. अगदी बरोबर. इथे पदवी घेऊन बसलेल्या दोघांना मी हाच प्रश्न विचारला, तर ते नवीन हेड विकत घ्या म्हणाले.

आधी चुकीचं सांगते. जयवंतकाकांना फसवायला म्हणून मी ते पत्र लिहिलं. आदरणीय आणि आठळी वाचून मामा ओळखेल, असं वाटलं. माझी हुशारी माझ्याच माणसाच्या इंजिनात गेली. मामाचा प्लग भिंगाखाली धरला तर पांढऱ्या चिनीमातीवर रुपेरी ठिपके दिसले, मिरीच्या भुकटीएवढे. ते ॲल्युमिनियम आहे, मामी. पिस्टन वितळायला लागला होता. पवईच्याही पुढे गेला असता तर संपलंच होतं. मी ज्यांच्यासाठी आलेख काढते त्या साहेबांनी विचारलं, हा प्लग कुठला? मी म्हटलं, घरचा. त्यांनी मला इंजिनाजवळ कामाचा बाक दिला आणि सांगितलं, असे ठिपके ओळखायला पोरांना शिकवा.

आता आकडा. नेहमीची गॅस्केट दीड मिलिमीटरची. तशा दोन घ्यायच्या आणि मध्ये सव्वा मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा. पत्रा आधी लालबुंद तापवून पाण्यात टाक, म्हणजे मऊ पडेल आणि नीट बसेल. भोकं तिन्हींची तंतोतंत. साधारण साडेसातवर येईल. ठिणगी उशिरा आणि त्र्याण्णवचं पेट्रोल, हे दोन्ही मामाकडून कसं करून घ्यायचं ते तूच बघ.

आणि त्याला एवढी जाड गॅस्केट दिसणार नाही का गं?

तुझी सुलू

---

मरोळ
२४ फेब्रुवारी १९८६

चि. सुलूस आशीर्वाद.

काम झालं. जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस बसून कापली. तिन्ही एकत्र रिव्हेटनं जोडली, वर कागद गुंडाळला आणि ह्यांना म्हटलं, आमच्या कारखान्यात टर्बोसाठी म्हणून परदेशी नमुन्याची आली आहे, मालकांनी तुम्हाला भेट दिली. ह्यांनी हातात घेऊन वजन बघितलं. मग म्हणाले, "बरी आसा." आणि घेऊन गेले. काही विचारलं नाही.

ठिणगीचं आणि पेट्रोलचं त्याच कागदावर इंग्रजीत लिहून दिलं. अक्षर कारखान्यातल्या अनुपमाचं. इंग्रजीत असलं की हे मानतात.

चावी सापडली.

मामी

---

साकीनाका
१२ मार्च १९८६

चि. सुलूस विजयी मामाचे आशीर्वाद!

काय सांगू! सकाळी सातला धावपट्टीवर पोचलो. मामी टेम्पोतून गल्लीतल्या मंडळींबरोबर आली होती. जयवंताची फियाट फिरून दोनदा बघितली. दोन कार्बोरेटर, कॉम्प्रेशन दहा, टर्बो वगैरे काही नाही. चालू केली तर शेतातली म्हैस उठून पळाली.

झेंडा पडला आणि जयवंत सुटला. मी आपला मागे. टर्बोला जाग यायला वेळ लागतो ना! अर्ध्या पट्टीपर्यंत मला त्याच्या गाडीचा मागचा नंबर पाठ झाला. इकडे टेम्पोवरून द्रौपदी ओरडतेय, "भावोजी, ढकला!" आणि मग शिट्टी वाजली. सुलू, पाठीवर कोणीतरी लाथ घालावी तशी गाडी उठली. मी कान देऊन होतो. एक खडा नाही. नुसती शिट्टी. जयवंताच्या दाराशी आलो, त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं नाही, आणि बॉनेटभर पुढे जाऊन रेघ ओलांडली.

संध्याकाळी तो शिडी आणि रंगाचा डबा घेऊन पाटीखाली उभा. शब्दाचा पक्का. गुडघा धरून पहिली पायरी चढला तेव्हा माझ्यानं बघवेना. मी पलीकडे गेलो आणि म्हटलं, "जयवंता, उतर खाली. पुसू नको, आधी एक शब्द जोड. तू 'कार्बोरेटर ट्यूनिंग', मी 'टर्बो ट्यूनिंग'." तो म्हणाला, "हे सहा महिन्यांपूर्वी सुचलं असतं तर?" मी म्हटलं, सहा महिन्यांपूर्वी माझ्याकडे टर्बो नव्हता. मग चहा प्यायलो. त्याला पत्राचं विचारलं तर त्याला काहीच माहीत नाही. भाची काय म्हणते असं त्यानं खरंच तुझी चौकशी म्हणून विचारलं होतं.

आता मोठी बातमी. क्लबातल्या तिघांनी त्यांच्या गाड्यांना टर्बो बसवायचं काम मला दिलंय. तिघांनाही सांगून टाकलं, पुण्याच्या साहेबांचा आकडा साडेनऊ. सोमवारी तिन्ही हेडं घासायला टाकतोय. तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग.

मामा

---

पुणे
१५ मार्च १९८६

मामा,

एकही हेड घासू नकोस. हात जोडते.

ते पत्र खोटं होतं. साहेबांनी असं काहीही सांगितलं नव्हतं, साहेबांना तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं. जयवंतकाका आपली पत्रं वाचतात असं धरून मी त्यांच्यासाठी रचलं, आणि तू ते खरं मानलंस. मी तुझ्याशी खोटं बोलले आणि शर्यत झाली तरी गप्प बसले. जिंकलास तो साडेनऊवर नाही, साडेसातवर. कसा, ते मला सांगता येणार नाही, कारण ते दुसऱ्या कोणाचं आहे. पण लोकांच्या तीन गाड्या फुटतील, तेव्हा तुला राग आला तरी चालेल.

रविवारी येते आहे. दार उघडशील ना?

सुलू

---

साकीनाका
२४ मार्च १९८६

चि. सुलूस आशीर्वाद.

रविवारी आलीस, पोटभर घावणे खाल्लेस, मी एक शब्द बोललो नाही आणि तू चोरासारखी माझ्याकडे बघत गेलीस. मामी सारखी आतबाहेर करत होती, म्हणून बोललो नाही. आता सांगतो.

तारेचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं. तार आणणारा रस्त्यात भेटला, म्हणाला, "तोरसकर, घरी सगळं ठीक ना?" मामी काहीही लपवायचं झालं तर तांदळाच्या डब्यात लपवते. तिथे तारही मिळाली आणि गाडीची चावीही. 'पत्र खोटे आठळी.' आधी कान तापले. मग तुझं ते आदरणीय पत्र परत काढून वाचलं आणि एकटाच हसत बसलो. पण हसून हेड थोडंच वाढतं? नवीन घ्यायला वेळ नव्हता, जयवंताला नाही म्हणायला तोंड नव्हतं. चावी तशीच ठेवली आणि शोधत असल्याचं सोंग चालू ठेवलं. पाठीत उसण भरली असं सांगून शर्यतीतून नाव काढायचं ठरवलं होतं. दोन दिवस वाकून चालायची सवयसुद्धा केली.

आणि तेवढ्यात ही ते पुडकं घेऊन आली. परदेशी नमुना म्हणे! त्याच्या कोपऱ्यात हळदकुंकू लावलेलं. मी छत्तीस वर्षं फिटर आहे, सुलू. हातात घेतल्याबरोबर वजनावरून कळलं आत काय आहे ते. ती माझ्याकडे अशी बघत होती, की खरं सांगून तिचा बेत मोडावासा वाटेना. अकरा वर्षांत मी तिला तिच्या कामाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं, आणि तिनं माझं इंजिन वाचवायचं काम जेवण सोडून केलं होतं. भोकं अशी कापलेली, की मशीनला लाज वाटावी. मी म्हटलं, बरी आहे. आणि तशीच नेऊन बसवली.

तिघांची हेडं घासायला टाकतोय हे खोटं होतं. तुला आठ दिवस घाम फुटावा म्हणून लिहिलं. आदरणीयची परतफेड. तिघांचं काम मात्र खरंच मिळालंय, आणि तिन्ही इंजिनं साडेसातवरच होणार. गॅस्केटी कोण कापणार ते सांगायला नको.

आता आज सकाळची गोष्ट. क्लबानं जिंकलेल्या गाड्यांच्या नोंदीसाठी छापील फॉर्म पाठवलाय. गाडी कोणती, चालक कोण, कॉम्प्रेशन किती, आणि खाली एक रकाना: इंजिन कोणी तयार केलं, त्याचं नाव आणि सही. मी बसून भरला. त्या रकान्यात 'सौ. मालन काशीराम तोरसकर' लिहिलं आणि तिच्यासमोर धरून म्हटलं, इथे सही कर. म्हणाली, कसला कागद? मी म्हटलं, गॅसच्या कनेक्शनचा.

तुझी मामी न वाचता कशावर सही करते होय? चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचलं. स्वतःचं नाव आलं तिथे बोट थांबलं. मला वाटलं आता विचारेल, तुम्हाला कधी कळलं? पण तिनं पेन घेतलं आणि बोट वर कॉम्प्रेशनच्या रकान्यावर नेलं. तिथे मी गल्लीभर सांगितलेला आकडा म्हणून तोऱ्यात साडेनऊच लिहिलं होतं. ते तिनं खोडलं, स्वच्छ अक्षरात साडेसात लिहिलं, आणि मग सही केली.

तुझा मामा
काशीराम